अ‍ॅब्लेशननंतरचे दोन महिने

अ‍ॅब्लेशन झालेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी चालत घरी येतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. छातीवर टाका नाही, जांघेत एक चिकटपट्टी तेवढी. घरच्यांना वाटतं, झालं एकदाचं, सोमवारपासून ऑफिस. भेटायला येणाऱ्यांच्या कानावर ‘हार्टचं ऑपरेशन’ एवढंच गेलेलं असतं. ते शहाळी घेऊन येतात आणि बायपास झाल्यासारखं हळू आवाजात बोलतात. खुद्द पेशंट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. चार दिवस बरे जातात, पाचव्या रात्री पुन्हा तीच जुनी धडधड सुरू होते आणि मनात पहिला विचार येतो तो पैसे पाण्यात गेल्याचा.

बहुतेकदा ते गेलेले नसतात. हा लेख मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे सगळे ज्याला ‘एएफ’ म्हणतात त्यासाठी अ‍ॅब्लेशन झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. इथे धीर धरायचा आहे तो डोळे उघडे ठेवून: कोणती तक्रार सोसायची, कोणती कळवायची आणि कोणत्या तक्रारीसाठी रात्री दोन वाजता गाडी काढायची, हे आधीच ठाऊक हवं. तुमच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर वेगळं काही लिहिलं असेल, तर अर्थात त्यांचंच ऐका.

आधी आत काय झालंय ते पाहू. फुप्फुसांतून शुद्ध रक्त घेऊन येणाऱ्या शिरा, बहुतेकांच्यात चार, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत उघडतात. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल आइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं, की एएफ पेटवणाऱ्या विजेच्या ठिणग्या बहुतांशी या शिरांच्या आतून निघतात. तेव्हापासून अ‍ॅब्लेशनचा गाभा तोच आहे: जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर न्यायचा, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जायचं आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती डागांचं कडं करायचं, म्हणजे आतली ठिणगी बाहेर येत नाही. कुणी हे डाग उष्णतेनं देतं, कुणी गोठवून, तर अलीकडच्या पल्स्ड फील्ड तंत्रात अतिसूक्ष्म काळाच्या विजेच्या झटक्यांनी.

हात पोळला की आधी तो भाग लाल होतो, सुजतो, हुळहुळतो. वण धरायला पुढे काही आठवडे जातात. कर्णिकेच्या भिंतीचंही तसंच आहे. सूज आहे तोवर ती भिंत चिडलेली असते आणि स्वतःच जादा ठोके काढते, कधी एएफचा पूर्ण झटकाही येतो. म्हणून सुरुवातीच्या काळातल्या झटक्यांवरून अ‍ॅब्लेशन फसलं असं धरत नाहीत. डॉक्टर या काळाला ‘ब्लँकिंग पीरियड’ म्हणतात. पूर्वी तो तीन महिने मानत. २०२४ साली हृदयतालाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून काढलेल्या निवेदनात तो आठ आठवड्यांवर आणला. त्यातही फरक आहेच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या धडधडीला फारसं वजन नाही. दुसरा महिना सरत आला तरी झटके तसेच असतील, तर पुढेही ते राहण्याची शक्यता जास्त असते.

इथे भेटायला आलेल्या एखाद्याचा साडू हमखास निघतो. ‘त्याला तर एका दिवसात खडखडीत बरं वाटलं, तुम्हालाच कसं काय?’ साडूला बहुधा एसव्हीटी, म्हणजे धडधडीचाच एक वेगळा प्रकार, असते. तिथे बिघाड एका जागी असतो, एखादी जादा वाट बंद केली की शंभरातले नव्वदहून अधिक जण कायमचे सुटतात. दोन्हींचं नाव अ‍ॅब्लेशनच असल्यानं तुलना होते. त्या तुलनेनं झोप घालवून घेण्यात अर्थ नाही.

जांघ

पहिला आठवडा खरा जांघेचा असतो, हृदयाचा नव्हे. शिरेत बऱ्यापैकी जाड नळ्या घातलेल्या असतात, वर रक्त पातळ करणारं औषध चालू. त्यामुळे काळं-निळं पडणं ठरलेलंच. कधी ते मांडीवरून खाली गुडघ्याकडे उतरतं, जांभळ्याचं हिरवट आणि मग पिवळं होतं. दिसायला भयंकर, पण उतरत चाललं असेल तर ठीक. सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागणंही चालतं. मात्र गाठ वाढत चालली, ठसठसू लागली, बोट ठेवल्यावर तिच्यात ठोके जाणवले, पाय गार पडला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवायचं.

परदेशी माहितीपत्रकात ‘जड उचलू नका’ असतं, पण आपल्या घरातल्या अडचणी त्यात नसतात. सगळ्यात मोठी अडचण भारतीय पद्धतीच्या संडासाची. उकिडवं बसताना जांघ पूर्ण दुमडते आणि त्यात कुंथलं, की ताण थेट त्या छिद्रावर येतो. निदान आठवडाभर कमोड वापरावा. घरात नसेल तर मेडिकलच्या साहित्याच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, काही ठिकाणी भाड्यानंही. ही व्यवस्था अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच करून ठेवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, रात्री इसबगोल घेतला तरी चालतो. पूजेला मांडी घालून बसणं, पाटावर जेवणं, खाली बसून भाजी निवडणं, हे आठ दिवस खुर्चीवरून. चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, याचा घरगुती अर्थ असा की पाण्यानं भरलेली बादली नाही, दळणाचा डबा नाही आणि ‘आजोबा, उचल’ म्हणत पळत येणारा नातूही नाही. तो खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या मांडीवर दुसऱ्या बाजूनं बसू शकतो. जिने चढायला हरकत नाही, सावकाश चढा. स्कूटरला किक मारणं टाळा. आंघोळ उभ्यानं किंवा स्टुलावर बसून चालते. पोहणं, विहीर, नदीतली डुबकी जखम पूर्ण भरेपर्यंत नको. गाडी कधी चालवायची ते डॉक्टरांना विचारा, सहसा काही दिवसांतच परवानगी मिळते.

खोकताना किंवा शिंकताना तळहातानं जांघ दाबून धरा. आणि चिकटपट्टीखालून रक्त यायला लागलंच, तर पळापळ न करता सपाट आडवं व्हा. कुणालातरी बोटांनी थेट त्या जागेवर घट्ट दाबायला सांगा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये हात उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. नवशिके नेमके हेच करतात आणि बांधत आलेली गुठळी निघून जाते. दहा मिनिटांनीही वाहत असेल किंवा भळभळा येत असेल तर दाब न सोडता १०८ला फोन.

काय सोसायचं

पहिले काही दिवस खोल श्वास घेताना छातीत दुखतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. ही हृदयाभोवतालच्या आवरणाची सूज. बऱ्याच जणांना होते आणि सहसा आठवडाभरात ओसरते. भूल देताना किंवा तपासणीसाठी घशातून नळी घातली असेल तर घसा दुखतो. थकवा मात्र लोकांना चकवतो. वीस मिनिटांच्या फेरीनंतर दोन तास झोपावंसं वाटणं, संध्याकाळी बोलायचाही कंटाळा येणं, हे दोन-तीन आठवडे चालू शकतं. ज्यांचा एएफ जुना आहे, त्यांना जास्त.

आणखी एक बदल कुणी आधी सांगितला नसेल तर हमखास घाबरवतो. पूर्वी स्वस्थ बसल्यावर नाडी ६२ असायची, ती आता ७८ किंवा ८५ दाखवते. हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी त्या शिरांच्या तोंडाजवळच असतात आणि अ‍ॅब्लेशनमध्ये त्यांनाही थोडी झळ बसते. लगाम जरा सैल होतो. ठोके एका तालात पडत असतील, तर हा वाढलेला आकडा निरुपद्रवी आहे. काही महिन्यांत तो बऱ्याच जणांचा खाली येतो, काहींचा थोडा वरच राहतो. त्याच मज्जातंतूंच्या दुसऱ्या फाट्याला धक्का लागला तर काही दिवस पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं. थोडं-थोडं चार वेळा खा. पित्ताची गोळी, बहुधा पॅन्टोप्रॅझोल, काही आठवड्यांसाठी दिलेली असते ती अन्ननलिकेच्या बचावासाठी. ‘मला पित्त नाहीच’ म्हणून ती बंद करणारे बरेच भेटतात.

रात्रीचं काय? डाव्या कुशीवर झोपलं की ठोके जास्त जाणवतात, कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. उजव्या कुशीवर वळा. वर्षानुवर्षं एएफ सोसलेल्या माणसाला आपलं हृदय ऐकत बसायची सवय लागलेली असते आणि ती सवय कॅथेटरनं जात नाही. एखादा ठोका चुकला, मग मोठा पडला, एवढ्यानं उठून बसायचं कारण नाही.

त्यापेक्षा नाडी मोजायला शिका. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवा. अंगठ्यानं मोजू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते. पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर अनियमित नाडीचा आकडा फसवा येतो, शिवाय ताल कसा आहे ते कळायला तेवढा वेळ पुरत नाही. वहीत एक ओळ पुरे: ‘सकाळी ७, चहाआधी, ८०, एकसारखी.’ किंवा ‘रात्री ११, पडल्यावर, ११०च्या आसपास, वेडीवाकडी, ४० मिनिटांनी आपोआप थांबली, चक्कर नाही.’ ही दुसरी ओळ डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते. दिवसातून दोनदा, आणि त्रास झाला तर तेव्हा. बस.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ईसीजी काढणारं घड्याळ कामाचं आहे, त्रास होत असताना हात टेबलावर स्थिर ठेवून तीस सेकंदांची पट्टी काढा आणि डॉक्टरांसाठी जपून ठेवा. पण दिवसभर त्यातला आकडा बघत राहणं हा नवा आजार आहे. मागचा हिरवा दिवा मनगटापर्यंत पोहोचलेला ठोका मोजतो. जादा पडलेला अशक्त ठोका तिथवर पोहोचत नाही, म्हणून हृदयाचे ८० ठोके पडत असताना घड्याळ कधी ५० दाखवतं आणि माणूस गळाठतो. या दोन महिन्यांत सूचना बंद करून ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

काय सोसायचं नाही

ब्लँकिंग पीरियडचा अर्थ ‘दोन महिने काहीही झालं तरी गप्प बसा’ असा काही जण घेतात. तो अगदी चुकीचा. बसल्या जागी नाडी १२०च्या वर जाऊन उतरतच नसेल, किंवा अनियमित ठोके दिवस उलटला तरी थांबत नसतील, तर फोन करायचाच. औषध बदलून किंवा थोडी भूल देऊन, विजेचा एक झटका देऊन ताल परत आणता येतो, त्यासाठी दोन महिने संपायची वाट पाहायची नसते. घरी निघताना डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारा: ‘नाडी किती आणि किती वेळ राहिली तर फोन करू?’ उत्तर कार्डावर लिहून घ्या. धाप लागून आडवं पडवत नाही, घेरी येऊन पडलात, छातीतलं दुखणं वाढतच चाललंय, यात फोनचाही वेळ घालवू नका. तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका हातातली ताकद जाणं ही पक्षाघाताची लक्षणं. ती मिनिटभर येऊन गेली तरी हॉस्पिटल गाठा. डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येऊन काही मिनिटांत जाणं हे पडद्यातल्या छिद्रामुळे काही जणांना होतं आणि सहसा आपोआप थांबतं. पण पहिल्यांदा झालं की कळवा, ठरवू द्या त्यांना.

आता सगळ्यात दुर्मीळ पण सगळ्यात घातक गोष्ट. डाव्या कर्णिकेच्या पाठीशी अन्ननलिका अगदी चिकटून जाते. उष्णतेनं किंवा गोठवून दिलेल्या डागाची इजा कधीतरी तिच्यापर्यंत पोहोचते आणि काही आठवड्यांनी दोघींमध्ये भोक पडतं. हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. पल्स्ड फील्डमध्ये हा धोका फारच कमी असल्याचं दिसतं. अडचण ही, की ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, कधी दोन महिन्यांपर्यंत, म्हणजे माणूस बरा होऊन कामाला लागल्यावर होतं, आणि सुरुवात साध्या ताप-थंडीनं होते. पावसाळ्यात ताप आला की आपण व्हायरल म्हणतो, कोपऱ्यावरचे डॉक्टर पॅरासिटामॉल देतात, दोन दिवस जातात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत नवं दुखणं किंवा रक्ताची उलटी, यातलं काहीही झालं तर ज्यांनी अ‍ॅब्लेशन केलं त्यांना कळवा. दुसरीकडे जावं लागलं तर दारातच सांगा: ‘अमुक तारखेला माझं डाव्या कर्णिकेचं अ‍ॅब्लेशन झालंय.’ यात तपासणी लागते ती छातीच्या सीटी स्कॅनची. एंडोस्कोपी करू द्यायची नाही, कारण त्यात आत भरलेली हवा भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. एवढा परिच्छेद घरातल्या एका माणसाला वाचायला लावा. ताप चढल्यावर पेशंटला तो आठवेलच असं नाही.

गोळ्या आणि उपवास

रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन महिने, बरेच डॉक्टर तीन म्हणतात, एकही डोस न चुकवता. ताल सुरळीत असला तरी. डाग ताजे असताना त्यांच्यावर गुठळी धरू शकते आणि सुटली तर मेंदूत जाते. अपिक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा असतात. रिव्हारोक्सॅबॅन एकदाच, पण पोटभर जेवणासोबत, नाहीतर ते अंगी नीट लागत नाही. संकष्टीला रात्री चंद्रोदयानंतर जेवणाऱ्यांनी आणि नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्यांनी हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं. निर्जळी उपवास या काळात नकोच. रिव्हारोक्सॅबॅनसोबत साबुदाण्याची खिचडी चालते, नुसतं केळं नाही चालत. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून किंवा आधी पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरायची नसते, तिला दमटपणा बाधतो.

एसिट्रॉम किंवा वॉर्फरिन चालू असेल तर आयएनआरच्या रक्ततपासणीच्या तारखा पाळा. पालक, मेथी, कोथिंबीर सोडायची नाही. रोज साधारण तेवढीच खा, म्हणजे आकडा हलत नाही. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडप बरीच अरुंद झालेल्यांना नव्या गोळ्यांऐवजी हीच औषधं लागतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांना जुनं औषधच जास्त तारून नेताना दिसलं. ‘शेजाऱ्यांसारखी रक्ततपासणी नको असलेली गोळी द्या’ असा हट्ट धरण्याआधी हे लक्षात असू द्या.

दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. दात काढायचा निघाला तर गोळी बंद करायचं डेंटिस्ट आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवू द्या. जमलं तर दात दोन-तीन महिने थांबू शकतो. काढे, चूर्णं, लसणाच्या कॅप्सूल जे काही चालू असेल ते सांगून टाका, कुणी रागावत नाही. आणि अमिओडारोनसारखी तालाची गोळी आणखी काही आठवडे चालू ठेवली असेल, तर ‘अ‍ॅब्लेशन झालं, आता ही कशाला’ म्हणून सोडू नका.

चालणं दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात, मग दहा मिनिटं बाहेर, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत. चालताना बोलता यायला हवं, एवढंच मोजमाप. सूर्यनमस्कार आणि व्यायामशाळा जांघ भरल्यावर, विचारून. प्राणायाम करणाऱ्यांनी श्वास रोखणं आणि जोराची कपालभाती काही आठवडे बाजूला ठेवावी. साधं दीर्घ श्वसन चालतं आणि झोपेआधी त्याचा चांगला उपयोग होतो.

याच रिकाम्या दोन महिन्यांत खरं काम उरकून घेता येतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी २०१५ साली एएफ असलेल्या ३५५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवून ते टिकवलं, त्यांची एएफमधून सुटका होण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. नव्वद किलोंच्या माणसाला नऊ किलो. घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकत असेल तर कितीही चांगलं अ‍ॅब्लेशन उलटू शकतं. रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजून वहीत नाडीशेजारीच लिहा. दारू सोडलेली बरी. ऑस्ट्रेलियातच झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोडणाऱ्यांचे झटके कमी झाले. चहा-कॉफीला मात्र उगाच बदनाम केलं जातं. तुम्हाला स्वतःला त्यानं धडधडत नसेल, तर दोन कप खुशाल घ्या.

आठ-बारा आठवड्यांनी भेट ठरलेली असते. वही, घड्याळातल्या पट्ट्या आणि गोळ्यांची यादी घेऊन जा. एका ईसीजीत दहा सेकंदांचाच ताल दिसतो, म्हणून सतत ताल टिपणारं होल्टर किती दिवसांचं लावणार ते विचारा. चोवीस तासांत न दिसलेलं सात दिवसांत दिसतं. झटके अजून येत असतील तर आधी औषधांचा विचार होतो, काहींना दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन लागतं, बहुधा कड्यातली एखादी फट पुन्हा उघडलेली असते म्हणून. आणि ताल उत्तम असला, तरी रक्त पातळ करणारी गोळी बंद होईलच असं धरून जाऊ नका. तो निर्णय तालावर ठरत नाही, पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतो: वय ६५च्या पुढे आहे का, ७५च्या पुढे आहे का, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाची कमजोरी. यातलं तुमच्या खात्यावर काय-काय आहे ते डॉक्टरांकडून कागदावर मांडून घ्या आणि मगच गोळीचं बोला.